हेड स्टार्टमध्ये मुलाचं नाव घालताना: पात्रता, कागदपत्रं आणि घरच्या भाषेचा रकाना

अमेरिकेतल्या लॅटिनो कुटुंबांना मुलांच्या भाषेसाठी मिळणारी मोठी सरकारी सोय म्हणजे १९६५ पासून चालू असलेलं हेड स्टार्ट, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहान मुलांसाठीचा शाळापूर्व कार्यक्रम. ३ ते ५ वर्षांची मुलं त्यात, त्याहून लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया अर्ली हेड स्टार्टमध्ये. शेतमजूर कुटुंबांसाठी स्थलांतरित व हंगामी हेड स्टार्ट वेगळं आहे. सगळं मोफत.

उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेइतकं किंवा त्याखाली हवं. स्नॅप (अन्नासाठीची मदत), टॅनफ (गरजू कुटुंबांना रोख मदत) किंवा एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंग वा वृद्धांना मदत) मिळत असेल, मूल बेघर असेल किंवा फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली पालक-कुटुंबाकडे असेल, तर उत्पन्नाची अट आड येत नाही. भाडं, वीज असा घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर जात असेल, तर वरची रक्कम उत्पन्नातून वजा करायची मुभा २०२४ पासून हेड स्टार्टच्या केंद्रांना आहे. भाडेकरार आणि वीजबिल म्हणूनच सोबत न्यावं. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

उत्पन्नाचा पुरावा मागच्या कॅलेंडर वर्षाचा किंवा अर्जाआधीच्या १२ महिन्यांचा चालतो. ऐन हंगामातल्या एकाच आठवड्याची पगारपावती नेऊ नका. तिला ५२ ने गुणलं की गरीब कुटुंबही रेषेच्या वर जातं. रोखीत मजुरी मिळत असेल तर मालकाचं पत्र चालतं, तेही नसेल तर स्वतःच्या सहीचं निवेदन. जन्मदाखल्यामुळे प्रवेश अडत असेल तर केंद्राला त्याचा हट्ट धरता येत नाही. मुलाची दोन आडनावं (लॅटिनो रीतीप्रमाणे वडिलांकडचं आणि आईकडचं) सगळ्या कागदांवर त्याच क्रमाने आहेत ना, ते पाहा. जुलै २०२५ मध्ये इमिग्रेशन दर्जाबद्दल निघालेल्या सूचनेचा वाद कोर्टात गेला. सध्या काय लागू आहे ते केंद्रात विचारूनच फॉर्म भरा.

खरी गडबड होते ती घरच्या भाषेच्या रकान्यात. काही पालक मुद्दाम ‘इंग्लिश’ लिहितात, ग्वातेमालातून आलेली माम किंवा किचे या माया भाषा बोलणारी कुटुंबं ‘स्पॅनिश’. प्रवेशानंतर ४५ दिवसांत मुलाच्या विकासाची प्राथमिक तपासणी होते आणि तिची भाषा ठरवताना ही नोंद पाहिली जाते. चुकीच्या भाषेत विचारलं की बोलकं मूलही मागे पडल्यासारखं दिसतं. घरात मराठी असेल तर मराठीच लिहावं, नियम सगळ्यांना एकच.

अर्ली हेड स्टार्टचा घरभेटीचा पर्याय घेतला, तर आठवड्याला किमान दीड तासाची एक भेट, वर्षाला किमान ४६ भेटी आणि २२ गटसत्रं. भेट पालकांसोबत असते. मुलाला भेटीला आलेल्या ताईंच्या हवाली करून कामावर जाता येत नाही.

पात्र ठरलात म्हणजे जागा मिळालीच असं नाही. केंद्र आपल्या निकषांनी क्रम लावतं, उरलेले प्रतीक्षायादीत. ३ वर्षांखालच्या मुलाच्या बोलण्याबद्दल शंका असेल तर यादीवर थांबू नका, राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन कार्यालयाला (विकासात मागे पडणाऱ्या लहानग्यांना मदत करणाऱ्या) फोन करा. तिथे मूल्यमापन मोफत होतं, उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर बदलला तर हेड स्टार्टच्या केंद्रालाही कळवा.