ग्रंथटंक (देवनागरी)

पुस्तके, मासिके आणि दीर्घ मजकुरासाठी वापरला जाणारा, जाड-बारीक रेषांचा पारंपरिक वळणाचा टंक, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच (फाँट). रोमन लिपीत जे काम सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटी शेपटी असलेला) टंक करतो, ते देवनागरीत हा करतो. मात्र इथे अक्षराचा डौल बोरूच्या तिरप्या टोकातून आलेल्या रेषेत असतो. मराठी नजरेत बसलेले वळण मुख्यतः मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री (छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना) आणि १८६९ मध्ये छापखाना काढला. तिथली अक्षरे राणोजी रावजी आरू यांनी कोरली.

सोलापुरात या टंकाची खरी परीक्षा होते. दाते पंचांग शंभरहून अधिक वर्षे याच शहरातून निघते. पंचांगाला सर्व अंक एकाच रुंदीचे लागतात, नाहीतर वेळांचे रकाने वेडेवाकडे होतात. शिवाय बारीक आकारातही १ आणि ९ वेगळे ओळखू यावे लागतात. जीवराज जैन ग्रंथमालेसारख्या संपादित प्राकृत-संस्कृत ग्रंथांत प्रश्न वेगळा असतो: पानाच्या तळाशी दिलेल्या पाठभेदांतली (वेगवेगळ्या प्रतींतल्या शब्दांच्या फरकांतली) जोडाक्षरे लहान आकारातही शाईने भरून येता कामा नयेत.

डेमी अष्टमांश या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराला साधारण १२ ते १३ पॉइंट (अक्षराच्या मापाचे एकक) अक्षर आणि १८ ते १९ पॉइंट ओळअंतर ठेवावे. रोमनच्या सवयीने अंतर कमी केले की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफाराला आणि अनुस्वाराला भिडतो. टंक निवडताना ‘उद्ध्वस्त, कर्तृत्व, विठ्ठल, राष्ट्रीय, वऱ्हाड, दुसऱ्या, सर्वांनी’ हे शब्द पुस्तकाच्याच कागदावर छापून पाहावेत; पडद्यावर सगळेच टंक देखणे दिसतात. सच्छिद्र कागदावर शाई पसरते, मग ‘ष’ आणि ‘क्ष’ यांची पोकळी बुजते. गुळगुळीत कागदावर उलट बारीक रेषा तुटते. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे ना, तेही तपासावे. हिंदीसाठी घडवलेल्या टंकांत ही मराठी रूपे बऱ्याचदा नसतात.

डीटीपीत (संगणकावरच्या पानजुळणीत) सर्वाधिक नुकसान जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात आणताना होते. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, म्हणून रूपांतरानंतर पुन्हा पूर्ण मुद्रितशोधन हवेच. इनडिझाइन या पानजुळणीच्या प्रणालीत वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडला नसेल तर जोडाक्षरे फुटून हलन्त (पाय मोडल्याची खूण) उघडे पडतात.

सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांची कन्नड वचने (छोट्या भक्तिरचना) मराठी पुस्तकात घेताना सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कन्नड अक्षरे गोल असून त्यांना अखंड शिरोरेषा नसते, त्यामुळे दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट दिला तरी त्या समान दिसतीलच असे नाही. कन्नडचा आकार अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने बदलून, दोन्ही लिप्यांच्या मुख्य अक्षरांची उंची आणि काळेपणा जुळेपर्यंत छापील प्रुफे काढावीत.