द–य–न (अरबी धातू)

द–य–न : अभिजात अरबीतील एक त्रिवर्णी धातू. कर्ज, निवाडा, मोबदला, आज्ञापालन, वहिवाट आणि धर्म हे एकमेकांपासून दूर भासणारे अर्थ अरबी कोशांत या एकाच धातूखाली येतात. मधला वर्ण अर्धस्वर असल्याने व्याकरणकार त्याची गणना ‘अज्वफ’ म्हणजे पोकळ धातूंत करतात. त्याचे भूतकाळी रूप ‘दाना’, वर्तमानकाळी ‘यदीनु’. हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते. ते कर्ज देणाऱ्याला लागते तसेच घेणाऱ्याला, आणि वश करणाऱ्याला लागते तसेच वश होणाऱ्यालाही. ‘कमा तदीनु तुदान’ (तू जसे वागशील तसा मोबदला तुला मिळेल) या म्हणीत कर्तरी आणि कर्मणी ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी आली आहेत.

कुराणात या धातूपासून बनलेल्या ‘दीन’ या नामाचे अर्थ संदर्भाप्रमाणे बदलतात. पहिल्या सूरेतील (अध्यायातील) ‘यौमिद्दीन’ म्हणजे निवाड्याचा दिवस. यूसुफच्या कथेतील (सूरा 12, आयत म्हणजे वचन 76) ‘दीनिल् मलिक’ म्हणजे राजाचा कायदा. येथे ‘धर्म’ हा अर्थ लावल्यास वाक्य जुळत नाही. ‘तुम्हाला तुमचा दीन, मला माझा’ (109:6) येथे मात्र धर्म हाच अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. इस्लामपूर्व कवी अल्-मुसक्किब अल्-अब्दी (सुमारे सहावे शतक) याच्या एका कवितेत खोगिराचा पट्टा आवळू लागताच सांडणी तक्रार करते की, ‘याचा आणि माझा हाच का कायमचा दीन?’ येथे दीन म्हणजे रोजची रीत, वहिवाट. या काळातील काव्य लिखित स्वरूपात आले ते साधारणपणे आठव्या शतकापासून पुढे, हे ध्यानात ठेवूनही ही ओळ अर्थनिश्चितीसाठी मोलाची आहे.

या सर्व अर्थांना एका सूत्रात ओवण्याचा सर्वांत ठाम प्रयत्न कोशकार इब्न फारिस (मृत्यू सुमारे 1004) याने केला. त्याच्या मते या धातूचे मूळ एकच, ते म्हणजे नमणे आणि अधीन होणे. आज्ञापालन त्यातूनच आले आणि कर्जही, कारण ऋणको धनकोपुढे नमतो. ‘कर्ज म्हणजे दिवसा मानहानी आणि रात्री चिंता’ हे प्रचलित वचन तो यासाठी उद्धृत करतो. ही मांडणी सुबक आहे आणि अरबी भाषकांना हे शब्द एकमेकांचे आप्त वाटत होते, हे तिच्यातून निःसंशय दिसते. तथापि शब्दांच्या उगमाचा पुरावा म्हणून ती तशीच स्वीकारता येत नाही.

उगमाचा प्रश्न ‘धर्म’ या अर्थापाशी सर्वाधिक गुंततो. सेमिटिक भाषांत ‘निवाडा’ हा अर्थ फार जुना आहे (अक्कडियन ‘दीनु’, हिब्रू ‘दीन’, ॲरेमाइक ‘दीना’). ज्यू समाजातील धार्मिक न्यायाधीशाला ‘दय्यान’ म्हणतात. अरबीतही हाच शब्द न्याय करणाऱ्यासाठी येतो. याउलट पहलवी (मध्यकालीन फारसी) भाषेत ‘देन’ म्हणजे धर्म, विशेषतः जरथुश्त्री धर्म. तो जरथुश्त्री धर्मग्रंथ अवेस्तातील ‘दएना’ (अंतर्दृष्टी, सदसद्विवेक) या शब्दापासून आला. त्याचे मूळ ‘पाहणे’ या अर्थाच्या इराणी धातूत असून संस्कृत ‘धी’, ‘ध्यान’ हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे सेमिटिक ‘दीन’ आणि इराणी ‘देन’ यांचे ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. अरबीचे अभ्यासक आर्थर जेफरी यांनी कुराणातील परकीय शब्दांवरील आपल्या ग्रंथात निवाड्याचा अर्थ ॲरेमाइकमधून आणि धर्माचा अर्थ इराणीतून आला असे मानले. (हा ग्रंथ 1938 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला.) इस्लामचे अभ्यासक लुई गार्दे यांनी वहिवाट हा अस्सल अरबी अर्थ तिसरा प्रवाह म्हणून वेगळा काढला. हीच विभागणी अधिक समाधानकारक वाटते. इराणच्या ससानी घराण्याच्या सत्तेखालील हीरा या नगरातील अरबांमार्फत इराणी शब्द अरबीत येणे सहज शक्य होते. पण सांडणीच्या तोंडची ‘वहिवाट’ आणि यूसुफच्या कथेतील ‘कायदा’ पाहता धर्म या अर्थाकडे जाणारी वाट अरबीत आधीच तयार असावी. इराणी शब्दाने ती पक्की केली, एवढेच फार तर म्हणता येईल.

‘मदीना’ (नगर) हा शब्द याच धातूचा की म–द–न (वस्ती करणे) या धातूचा, यावर व्याकरणकारांचा वाद अनेकवचनापर्यंत पोचतो. कोशकार अल्-जौहरी याने ‘मदाइन’ या अनेकवचनातील हम्झाबद्दल (कंठात क्षणभर श्वास अडवून होणाऱ्या व्यंजनाबद्दल) आपले गुरू अबू अली अल्-फारिसी (मृत्यू 987) यांना विचारले. त्यांनी दोन मते सांगितली. शब्द म–द–न पासून मानल्यास ‘म’ मूळचा ठरतो आणि ‘सहीफा–सहाइफ’प्रमाणे हम्झा येतो. द–य–न पासून मानल्यास ‘म’ हा उपसर्ग आणि ‘य’ मूळचा, म्हणून ‘मईशा–मआयिश’प्रमाणे हम्झा येत नाही. रूढ उच्चार हम्झासह आहे. आधुनिक अभ्यासक सामान्यतः ‘मदीना’ हा ॲरेमाइकमधून तयार स्थितीत आलेला शब्द मानतात. तेथे त्याचा अर्थ न्यायकक्षेतील प्रदेश, आणि बायबलच्या हिब्रूत ‘मदीना’ म्हणजे प्रांत. असे धरल्यास मूळ धातू द–य–न खरा, पण तो ॲरेमाइकमधला. अरबीत त्या शब्दावरून म–द–न हा नवा धातू पडला असावा. यस्रिब या गावाला हिजरतीनंतर (पैगंबरांच्या मक्केहून तेथे झालेल्या स्थलांतरानंतर, 622) हेच नाव मिळाले.

इस्लामी धर्मशास्त्रात याच धातूचे ‘दैन’ (कर्ज, देणे) हे केवळ उसनवारीपुरते नाही. थकलेली किंमत, भाडे, न दिलेला मेहर (विवाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम) ही सारी दैनच. उसने दिलेल्या रकमेला ‘कर्द’ म्हणतात. मुदतीचे दैन लिहून ठेवावे व त्याला साक्षीदार असावेत, असे सांगणारी आयत (2:282) कुराणातील सर्वांत दीर्घ आहे. वारसांच्या वाटण्या मृत्युपत्रातील देणग्या आणि कर्ज भागवल्यानंतरच होतात (4:11).

मराठीने फारसीमार्फत ‘कर्द’चे ‘कर्ज’ घेतले. ‘दैन’ मात्र मराठीत आला नाही. ‘गरीब’ या अर्थाचा मराठी ‘दीन’ संस्कृत असून त्याचा या धातूशी संबंध नाही. अरबी ‘दीन’ मराठीला परिचित आहे तो मुख्यतः विशेषनामांतून, जसे 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापणाऱ्या अलाउद्दीन हसन बहमन शाहाच्या नावातून. अशा नावांतील ‘उद्दीन’ हा स्वतंत्र शब्द नव्हे. त्यातील ‘उ’ हा आधीच्या पदाचा प्रथमेचा प्रत्यय, आणि ‘अल्’ या उपपदातील ‘ल’ पुढच्या ‘द’मध्ये मिसळून ‘द्द’ होतो.