चांदीपुऱ्याचा विषाणू, पुण्याची प्रयोगशाळा

१९६५ साली नागपुरात चिकुनगुनियाची साथ होती. तापाच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासले जात असताना दोघांच्या नमुन्यांत भलताच विषाणू निघाला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुळातला. त्याला नागपुरातल्या चांदीपुऱ्याचं नाव मिळालं.

हे सेंटर १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालं. डास, गोचीड यांसारख्या चावणाऱ्या जीवांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हे त्याचं मूळ काम. १९५७ मध्ये कर्नाटकात माकडं मरू लागली, तेव्हा क्यासनूरच्या जंगलातला आजार याच संस्थेने ओळखला. १९७८ पासून तिचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.

चांदीपुरा विषाणूला मात्र बरीच वर्षं कुणी फारसं गांभीर्याने घेतलं नाही. साध्या तापाचा विषाणू, एवढीच त्याची ओळख. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलं दगावू लागली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. ३२९ मुलांना लागण झाली, त्यातली १८३ गेली. पुण्यात नमुन्यांतून विषाणू वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच गोळीचा आकार दिसला, आणि पडताळून पाहायला १९६५ चा नागपूरचा विषाणू हाताशी होता. निरुपयोगी वाटणारे विषाणू वर्षानुवर्षं जपण्यावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. पुढे २००७ मध्ये हा आजार विदर्भातही दिसला.

तो पसरवते वाळूमाशी. डासाहून लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, त्यामुळे साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आरामात आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे ढीग ही तिची घरं. ती फार लांब किंवा उंच उडत नाही, म्हणून भेगा लिंपणं आणि गोठ्यात फवारणी करणं हे उपाय खरोखर लागू पडतात. या आजारावर खास औषध नाही, लसही नाही. झटके येणाऱ्या मुलाला तासाभराचाही उशीर न करता मोठ्या दवाखान्यात नेणं, एवढंच हातात असतं.

माणूस, गुरं आणि कीटक यांच्यात फिरणाऱ्या अशा आजारांचा एकत्र अभ्यास व्हावा म्हणून नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (One Health, म्हणजे ‘एक आरोग्य’) संस्था उभारायचं ठरलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिची पायाभरणी झाली. विदर्भात गुरं, जंगल आणि वस्ती एकमेकांना खेटून आहेत. जागा चुकलेली नाही.