नवा फ्लॅगशिप की मागच्या वर्षीचा? गॅलेक्सी एस मालिकेतील तुलनेची पार्श्वभूमी

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगच्या गॅलेक्सी एस या वरच्या श्रेणीतील, म्हणजे फ्लॅगशिप, मालिकेचा नवा फोन येतो आणि लगेच मागच्या वर्षीच्या मॉडेलशी त्याची तुलना सुरू होते. कॅमेरा, पडदा, बॅटरी आणि किंमत यांचा तक्ता मांडला जातो आणि त्याच तक्त्याच्या आधारे छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत खरेदीचे निर्णय होतात. त्यातील आकडे सहसा चुकीचे नसतात. मात्र ज्या फोनवर ती चाचणी झाली तो कोणत्या देशात विकला जाणारा होता आणि चाचणी किती तापमानात घेतली गेली, याचा उल्लेख तिथे क्वचितच सापडतो. मराठवाड्यातील ग्राहकासाठी या दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत, कारण जगभर ज्याची परीक्षणे वाचली जात होती तो फोन आणि भारतात त्याच नावाने विकला जाणारा फोन हे अनेक वर्षे आतून वेगळे होते.

या वेगळेपणाची सुरुवात जुनी आहे. २०१२ मध्ये गॅलेक्सी एस-३ आला तेव्हा अमेरिकेत त्यात तिथल्या नेटवर्कला जुळणारी, क्वालकॉम या अमेरिकी कंपनीची स्नॅपड्रॅगन चिप (फोनची सगळी कामे चालवणारा मुख्य भाग) होती, तर भारतासह इतर अनेक देशांत निर्मात्या कोरियन कंपनीची स्वतःची एक्सिनॉस. एस-४ आणि एस-५ च्या वेळी भारतात एक्सिनॉसचीच आवृत्ती आधी आली. त्या काळात आपल्याकडे थ्रीजी सुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर नीट मिळत नसल्यामुळे या फरकाची झळ कोणाला फारशी बसली नाही. २०१५ च्या एस-६ मध्ये तर सर्वत्र एक्सिनॉसच होती आणि ती त्या वर्षीच्या स्नॅपड्रॅगन ८१० पेक्षा सरस ठरली, कारण ८१० तापण्यासाठीच कुप्रसिद्ध झाली होती. एक्सिनॉस नेहमीच कमी दर्जाची होती असा जो समज आज दिसतो, तो या इतिहासाला धरून नाही.

चित्र पालटले ते २०२० मध्ये. त्या वर्षीच्या एस-२० मध्ये भारत आणि युरोपला एक्सिनॉस ९९० मिळाली, अमेरिकेला स्नॅपड्रॅगन ८६५ मिळाली आणि कंपनीच्या स्वतःच्या देशात, म्हणजे दक्षिण कोरियातही, स्नॅपड्रॅगनच देण्यात आली. दोन्ही चिपा सात नॅनोमीटरच्या, म्हणजे सारख्याच बारीक तंत्राने बनलेल्या, असल्या तरी ९९० कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झाली होती आणि ८६५ तैवानमध्ये. सलग खेळ, सलग चित्रीकरण किंवा दीर्घकाळ इंटरनेट वापर अशा कामांत ९९० अधिक तापत होती, लवकर मंदावत होती आणि बॅटरीही जास्त खात होती. किंमत मात्र त्याच श्रेणीची होती. कंपनीने निकृष्ट चिपचे फोन आपल्या माथी मारू नयेत, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर हजारो ग्राहकांनी सह्या केल्या.

या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. स्वतःची चिप बनवणाऱ्या कंपनीला बाहेरच्या पुरवठादाराशी भाव ठरवताना हात मोकळा राहतो, कारखाना चालू राहतो आणि एका पुरवठादारावरचे अवलंबित्व कमी होते. अमेरिकेसारख्या बाजारात नेटवर्क आणि पेटंटच्या कारणांनी स्नॅपड्रॅगन जवळजवळ अपरिहार्य होती, त्यामुळे एक्सिनॉस खपवायची तर ती उरलेल्या बाजारांतच. व्यापाराच्या दृष्टीने हे सर्व समजण्यासारखे आहे. आक्षेप आहे तो एकच नाव, एकच डबा आणि एकाच श्रेणीची किंमत ठेवून आतला मुख्य भाग बदलण्याला. आपल्याकडे शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना वाणाच्या नावासोबत लॉट नंबरही पाहतो आणि पावतीवर लिहून घेतो. सत्तर-ऐंशी हजारांच्या फोनबाबत ही सोय ग्राहकाला कोणी दिली नाही. अमेरिकेतील परीक्षकाने स्नॅपड्रॅगनच्या एस-२० वर काढलेला निष्कर्ष वाचून जालन्यातील ग्राहकाने एक्सिनॉसचा एस-२० घेतला, आणि पुढच्या वर्षी एस-२१ शी तुलना करतानाही तोच गोंधळ पुढे चालू राहिला.

तापमानाचा मुद्दा इथे येतो. चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की स्वतःचा वेग कमी करते, पडद्याची चमक उतरवते आणि चार्जिंग मंद करते. ही सुरक्षिततेसाठीची योजना आहे, दोष नव्हे. परंतु बहुतेक चाचण्या वातानुकूलित खोलीत होतात आणि फोन शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे निर्मातेच सांगतात. परभणी आणि नांदेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. म्हणजे ज्या दोन चिपांमधला फरक थंड खोलीत दहा टक्क्यांचा दिसतो, तो लग्नसराईत भर दुपारी मांडवात चित्रीकरण करणाऱ्या माणसाला त्याहून बराच मोठा जाणवू शकतो. ई-पीक पाहणीचेही, म्हणजे मोबाइल ॲपवरून करायच्या सरकारी पीक नोंदीचेही, तसेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे असते. त्या वेळी जीपीएस, कॅमेरा आणि मोबाइल डेटा एकाच वेळी चालू असतात आणि पडद्याची चमक शेवटच्या टोकाला नेलेली असते. बांधावर पाच-सात मिनिटे गेली की पडदा आपोआप अंधुक होतो, मग हाताची सावली धरून बटण शोधावे लागते. नव्या आणि जुन्या पिढीतला फरक पाहायचा असेल तर तो इथे पाहावा, आणि बेंचमार्कचा, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा नेमक्या याच जागी अपुरा पडतो.

२०२१ च्या एस-२१ मध्ये भारतात एक्सिनॉस २१०० आली. ती ९९० पेक्षा स्पष्टपणे सुधारलेली होती आणि त्या वर्षीच्या स्नॅपड्रॅगन ८८८ च्या बरीच जवळ गेली, अंशतः यासाठी की ८८८ सुद्धा त्याच कोरियन कंपनीच्या कारखान्यात तयार झाली होती. पुढच्या वर्षी एस-२२ च्या वेळी युरोपला एक्सिनॉस २२०० आणि भारताला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ असा बदल झाला. आपल्याकडे त्याचे मोठे स्वागत झाले, पण ते काहीसे घाईचे होते. ही स्नॅपड्रॅगनही कोरियातच बनली होती आणि तीही तापत होती. शिवाय एस-२१ मधील ४,००० एमएएचची बॅटरी एस-२२ मध्ये ३,७०० वर आली. चिपवर कोणाचे नाव आहे यापेक्षा ती कोणत्या कारखान्यात तयार झाली याचा परिणाम अनेकदा अधिक असतो, ही गोष्ट त्या वर्षी ठळकपणे दिसली.

त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक प्रकरण उघडकीला आले. खेळांचा वेग आवरणारी एक सेवा या फोनांमध्ये आधीपासून बसवलेली होती आणि ती हजारो ॲपचा वेग मर्यादित करत असल्याचा वापरकर्त्यांचा आक्षेप होता, बेंचमार्कच्या ॲपना मात्र त्यातून सूट होती. एका प्रमुख बेंचमार्कने एस-१० पासून एस-२२ पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या. कंपनीने भागधारकांच्या सभेत माफी मागितली आणि वापरकर्त्याला ही मर्यादा बंद करण्याची सोय दिली. तोवर चार पिढ्यांच्या तुलना या आकड्यांवर होऊन गेल्या होत्या.

२०२३ च्या एस-२३ मध्ये जगभर एकच चिप देण्यात आली: तैवानमध्ये बनलेली स्नॅपड्रॅगन ८ जेन २. बॅटरी ३,९०० झाली आणि फोन थंड राहू लागला. उन्हाळ्यातील वापराचा विचार करता एस-२२ वरून एस-२३ हा गेल्या काही वर्षांतील सर्वांत अर्थपूर्ण बदल होता, जरी मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आणि चार्जिंग २५ वॅटचे, म्हणजे कागदावर जवळपास सर्व तेच होते.

आणि मग जानेवारी २०२४ मध्ये एस-२४ आला. भारतात एस-२४ आणि एस-२४ प्लसमध्ये पुन्हा एक्सिनॉस, या वेळी २४००, तर मालिकेतील सर्वांत महाग एस-२४ अल्ट्रामध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. इथे तुलनेचा गुंता सर्वाधिक वाढतो. २५६ जीबीचा एस-२३ आणि २५६ जीबीचा एस-२४ हे दोन्ही भारतात ७९,९९९ रुपयांनाच बाजारात आले होते. जुन्यात स्नॅपड्रॅगन, नव्यात एक्सिनॉस. २०२० च्या आठवणीने अनेकांनी नव्याकडे पाठ फिरवली. प्रत्यक्षात २४०० मध्ये उष्णता बाहेर टाकण्यासाठी वेगळी जडणघडण वापरली होती आणि ती ९९० च्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे. पडद्याची कमाल चमक १,७५० निट्सवरून २,६०० वर गेली, जी उन्हात काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. दुसरीकडे, ज्या एआय सुविधांची सर्वाधिक जाहिरात झाली त्या दोन-अडीच महिन्यांत एस-२३ लाही मिळाल्या, आणि फोनवरील थेट भाषांतराच्या पहिल्या तेरा भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. या सुविधांसाठी नवा फोन घेण्याचे कारण मराठवाड्यात तरी नव्हते.

खरा फरक अपडेटच्या मुदतीत होता. एस-२२ आणि एस-२३ यांना अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट असे आश्वासन होते. एस-२४ ला दोन्ही सात वर्षे. त्यामुळे एस-२३ ची मुदत २०२८ च्या सुरुवातीला संपते आणि एस-२४ ची २०३१ च्या. २०२४ च्या दिवाळीच्या सेलमध्ये एस-२३ मूळ किमतीच्या जवळजवळ निम्म्यावर आला तेव्हा सोयाबीनचे पैसे हातात आलेल्या अनेक घरांत तो घेतला गेला आणि तो सौदा वाईट नव्हता. मात्र आपल्याकडे फोन एका हातात संपत नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दोन-तीन वर्षे वापरतो, मग तोच फोन गावी वडिलांकडे जातो आणि त्यावर बँकेचे ॲप, पीक विम्याची नोंद, यूपीआय असे सगळे चालते. अपडेट थांबलेल्या फोनवर ही ॲप एकेक करून चालेनाशी होतात आणि सुरक्षेची उणीव नेमकी त्या वेळी येते, जेव्हा फोन घरातील सर्वांत कमी सावध वापरकर्त्याच्या हातात असतो. म्हणून निम्म्या किमतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची तुलना करताना उरलेल्या वर्षांनी किंमत भागून पाहणे हे मला कॅमेऱ्याच्या नमुन्यांपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

जुन्या मॉडेलच्या बाबतीत काही उणिवा तुलनेच्या दिवशी दिसतच नाहीत. भारतात एस-२० आणि एस-२० प्लस फोरजीच होते, एस-२१ मध्ये फाइव्हजी होते. २०२१ मध्ये या फरकाला कोणी महत्त्व दिले नाही, कारण देशात फाइव्हजी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पडद्यावरील हिरव्या रेघेचेही तसेच. अपडेटनंतर पडद्यावर उभी रेघ उमटल्याच्या तक्रारी काही जुन्या मॉडेलांबाबत वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये भारतात खरेदीला तीन वर्षे झाली नसतील तर एकदा विनामूल्य पडदा बदलून देण्याची सवलत मर्यादित काळासाठी जाहीर झाली. किनवट किंवा मुखेडच्या ग्राहकाला त्यासाठी दिवस मोडून नांदेड गाठावे लागते, आणि बिल जपून ठेवलेले नसेल तर खरेदीची तारीख सिद्ध करायची कशी हा प्रश्न वेगळाच. जुना फोन मंद झाल्याची तक्रार असेल तर आधी बॅटरी तपासावी, हा धडाही २०१७ च्या डिसेंबरमध्ये आयफोनच्या निमित्ताने मिळालेला आहे. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग मुद्दाम कमी केला जात असल्याचे तेव्हा मान्य करण्यात आले होते आणि बॅटरी बदलल्यावर तो वेग परत येत होता.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एस-२५ मालिकेत पुन्हा सर्वत्र स्नॅपड्रॅगन, या वेळी ८ एलिट, देण्यात आली आणि रॅम ८ वरून १२ जीबी झाली. बॅटरी एस-२४ इतकीच, म्हणजे ४,००० एमएएच राहिली, मुख्य कॅमेराही ५० मेगापिक्सेलचाच. २५६ जीबीच्या फोनची सुरुवातीची किंमत ८०,९९९ रुपये होती. त्या वर्षी तुलना एकदाची सोपी होईल असे वाटत होते. परंतु २०२५ च्या सणासुदीच्या सेलमध्ये भारतात एस-२४ ची स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ असलेली आवृत्ती वेगळी विक्रीला आणली गेली. त्यामुळे बाजारात एस-२४ या एकाच नावाखाली दोन चिपांचे फोन आले, आणि सेकंडहँड बाजारात तर ते एकमेकांत मिसळून जाणार आहेत. विक्रेत्याकडून चिपचे नाव बिलावर लिहून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. या उशिरा आलेल्या आवृत्तीची सात वर्षेही ती विकत घेतल्याच्या दिवसापासून मोजली जात नाहीत, ती मूळ मॉडेल बाजारात आल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासूनच धरावी लागतात.