लहान इंजिनांचे इंजिन ऑइल

फवारणी पंप, ग्रास कटर, पाणी उपसायचा पेट्रोल पंप, मांडवामागचा जनरेटर, पॉवर वीडर अशा यंत्रांवरील इंजिनांत वापरायचे वंगणतेल. ही इंजिने बहुधा एकाच सिलिंडरची आणि हवेवर थंड होणारी असतात. मोटारीत तीन-चार लिटर तेल, ते खेळवणारा पंप आणि गाळणारा फिल्टर असतो. लहान फोर-स्ट्रोक इंजिनात सहसा ना पंप, ना फिल्टर. होंडाच्या जीएक्स१६० या १६३ सीसी इंजिनात जेमतेम ५८० मिली तेल मावते. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी दर फेऱ्याला ते उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सगळे भाग ओले राहतात. तेल थोडे, उष्णता जास्त आणि गाळणी नाही, हे लक्षात ठेवले की निवडीचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

तेल घ्यायच्या आधी इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे पाहावे लागते. फोर-स्ट्रोकला तेलाचे वेगळे झाकण असते. टू-स्ट्रोक ग्रास कटरला ते नसते. तिथे ‘टू-टी’ तेल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. ही अदलाबदल महागात पडते. फोर-स्ट्रोकचे तेल पेट्रोलमध्ये घातले तर राख आणि कार्बन साचतो, प्लग काळा पडतो. तेलाविना नुसते पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये ओतले तर पिस्टन काही मिनिटांत सिलिंडरला धरतो.

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय सर्रास दिसते. त्यातून धूर वाढतो आणि सायलेन्सरचे तोंड कार्बनने बुजत जाते. मापाची बाटली काही फार महाग नसते. टू-टी तेलाला निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो तो मिसळलेले पेट्रोल ओळखू यावे म्हणून. रंगावरून दर्जा कळत नाही. दर्जा कळतो तो जासो या जपानी मानकाच्या एफबी, एफसी, एफडी या खुणांवरून. एफसी तेल कमी धूर करते, एफडी त्याशिवाय इंजिन अधिक स्वच्छ ठेवते. होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठीचे टीसी-डब्ल्यू३ तेल वेगळे. ते पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनासाठी असते, म्हणून बंदरावर सहज मिळाले तरी बागेतल्या ग्रास कटरला घालू नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करावे.

फोर-स्ट्रोकच्या डब्यावर तेलाचा दाटपणा सांगणारा एसएई क्रमांक असतो. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर; त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला होते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की बातमी होते, अशा प्रदेशात या आकड्याची फारशी चिंता नको. तो कामी येतो बर्फाळ मुलखात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहून बर्फ उडवण्याचे यंत्र चालवणारा मराठी माणूस ५डब्ल्यू-३० घेतो, कारण त्या गारठ्यात दाट तेलाने इंजिन चालू करायची दोरी ओढताच येत नाही. आपल्याकडे महत्त्वाचा तो गरम तेलाचा दाटपणा सांगणारा शेवटचा आकडा. १०डब्ल्यू-३० आणि साधे एसएई ३० ही दोन्ही १०० अंशांला जवळपास सारखीच दाट असतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही अमेरिकी इंजिन कंपनी मात्र २७ अंशांच्या वरच्या हवेत १०डब्ल्यू-३० जास्त खर्ची पडते असे बजावते आणि उन्हाळ्याला एसएई ३० सुचवते. विदर्भातल्या मे महिन्यात जनरेटर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुसरी खूण एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची: एस अक्षराने सुरू होणारी पेट्रोल इंजिनांसाठी, सी ची डिझेलसाठी. पुस्तिकेत एसजे मागितले असेल तर साधारणपणे एसएल किंवा एसएनही चालते, कारण पुढचे अक्षर म्हणजे नंतरचे मानक.

दुचाकीची गोष्ट थोडी निराळी. मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच तेलात बुडलेला असतो. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने घातलेले मोटारीचे तेल तिथे ओतले की क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर ओल्या क्लचसाठीची जासो एमए किंवा एमए२ ही खूण हवी. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला घर्षण कमी करणारे एमबी खुणेचे तेल चालते. गॅरेजमध्ये दोन्हींना एकाच पिंपातून तेल ओतले जात असेल तर विचारायला लाजू नये.

बदलीचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर असतो. जीएक्स१६० ला पहिली बदली २० तासांनी किंवा महिन्याने, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पहिली लवकर, कारण नव्या भागांचा धातुकीस तेलातच फिरत राहतो. अशी अनेक इंजिने कारखान्यातून तेल न भरता येतात. उत्साहाने खोके फोडून थेट दोरी ओढली की नवे यंत्र पहिल्याच दिवशी निकामी होते. पातळी पाहताना यंत्र सपाट जागी ठेवावे. होंडाच्या इंजिनात डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. बसवली तर पातळी खोटी दिसते. तेल जास्त झाले तर फेसाळते आणि धूर येतो. ते दुधी दिसू लागले तर आत पाणी गेले आहे.

महाग सिंथेटिक तेल वाईट नाही, पण १०० तासांनी बदललेले साधे तेल तीनशे तास तसेच राहिलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरे. काढलेले ‘जळकं ऑइल’ वाळवी लागू नये म्हणून मेढींना फासण्याची गावाकडे जुनी रीत आहे. त्यात धातूचे कण आणि जळणातून आलेली घातक रसायने असतात, आणि घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांतही वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. झाकणाच्या डब्यात साठवून ते पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये.