रिकाम्या प्रोसेसरचे ४८ अंश

मे महिन्यात दादरच्या एखाद्या घरात, टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेला छोटा सर्व्हर हातावर हात ठेवून बसलेला असतानाही ४८ अंश दाखवतो. हिवाळ्यातल्या जर्मनीत अगदी तसलाच सर्व्हर ३१ दाखवतो, आणि तो आकडा वाचून इकडचा माणूस थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कुलर यांच्यामध्ये लावायचा लेप) आणायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निघतो. जरा थांबा. जर्मनीतली खोली १८ अंशांवर आहे, दादरच्या कपाटातली हवा ३५ वर. दोन्हीकडे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा १३ अंशांनी वर आहे. म्हणजे प्रोसेसरवर बसवलेले दोन्ही कुलर (धातूची पाती आणि पंखा) सारखंच काम करताहेत.

म्हणून आधी हवेचं तापमान वजा करायचं, मग आकड्याकडे बघायचं. पंख्याचा वेग तोच असेल तर ही वजाबाकी बाराही महिने जवळपास सारखी येते. ३२ अंशांच्या खोलीत ४४ येत असतील, तर एसीने खोली २५ वर आल्यावर ३७ च्या आसपास यायला हवेत. त्याहून जास्त आले तर पंखा तपासा. गारवा जाणवला की बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, तो हळू करतं. आणि पंख्यावर चालणारा कोणताही कुलर प्रोसेसरला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ३० अंशांच्या खोलीत प्रोसेसरचा एखादा कोअर (आतला गणना करणारा भाग) २४ दाखवत असेल, तर खोटं बोलतोय तो सेन्सर.

तो खोटं का बोलतो, हे त्याच्या रचनेतच आहे. चिपच्या सिलिकॉनमध्येच डायोडसारखा जोड असतो. तापमान एका अंशाने वाढलं की त्याच्यावरचं व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनी घटतं, आणि त्यावरून आकडा काढतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा सेन्सर थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ५६, म्हणून लिनक्सचा कोअरटेम्प ड्रायव्हर (सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रॅम) ४४ छापतो. सेन्सरचं खरं काम चिप जळू न देणं हे आहे, त्यामुळे त्याची अचूकता मर्यादेजवळ राखलेली असते. खाली, चाळिशीत, चार-पाच अंशांची चूक सहज होते, कधी त्याहूनही जास्त. शेजारशेजारचे कोअर ३८ आणि ४३ दाखवत असतील तर झोप उडवून घेऊ नका. पूर्ण भारावर मात्र दोघांत १५ अंशांचा फरक पडला, तर कुलर एका बाजूला कललेला असू शकतो.

एएमडी कंपनीच्या प्रोसेसरची गंमत वेगळी. त्यांच्यासाठीचा के१०टेम्प ड्रायव्हर दाखवतो तो टीसीटीएल हा आकडा पंखा चालवण्यासाठीचा आहे, प्रत्यक्ष तापमान तोच असेल असं नाही. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये तर कंपनीने त्यात मुद्दाम २० अंश मिळवलेले होते: ५० दिसले की खरे ३०. जुना प्रोसेसर स्वस्तात घेऊन सर्व्हर केला असेल, तर हे आधी तपासा.

मदरबोर्डवरचे आकडे आणखी बेभरवशाचे. पंखे आणि व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपला तापमानाच्या बऱ्याच वाहिन्या असतात, पण बोर्ड बनवणारा सगळ्या जोडत नाही. न जोडलेली वाहिनी उणे ५५ किंवा १२७ असं काहीही सांगते. सेन्सरच्या यादीत ‘एसीपीआयटीझेड’ नावाखाली रात्रंदिवस २७.८ दिसत असेल, तर तो बऱ्याचदा बायोसमध्ये लिहून ठेवलेला ठोकळा आकडा असतो. कसोटी सोपी आहे: दहा मिनिटं प्रोसेसरला कामाला लावा. जो आकडा हलला नाही, तो यादीतून काढून टाका.

उलट काही आकडे फारच हलतात. क्षणभराच्या कामासाठी एक कोअर पूर्ण वेग घेतो, त्यासाठी व्होल्टेज वाढतं, आणि खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नखाच्या तुकड्याएवढ्या जागेत एवढी उष्णता आली की तापमान काही मिलिसेकंदांत दहा अंश उडी मारतं. कुलरच्या धातूला तापायला मात्र काही मिनिटं लागतात. बघणाराही यात भर घालतो: दर सेकंदाला आकडे ताजे करणारा डॅशबोर्ड झोपलेल्या कोअरना उठवत राहतो.

म्हणून मोजायचं ते असं. साधा डिजिटल थर्मामीटर भिंतीवर न लावता सर्व्हरच्या केसमध्ये, म्हणजे पेटीत, हवा शिरते तिथे ठेवा. बॅकअप आणि मीडियाचं स्कॅनिंग थांबवा, स्क्रीनवरचे आलेख बंद करा, पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरून दर ५ सेकंदांनी, दहा मिनिटं ‘पॅकेज’चा, म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचा, आकडा फाइलमध्ये नोंदवा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सोडून मधला घ्या. त्याच्याशेजारी हवेचं तापमान, पंख्याचे फेरे आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी वजाबाकी ५-६ अंशांनी वाढलेली दिसली, तर काहीतरी बिघडलंय.

बहुतेक वेळा ती धूळ असते. मुंबईच्या दमट हवेत ती कोरडी राहत नाही, आणि सर्व्हर स्वयंपाकघराच्या माळ्यावर असेल तर फोडणीची वाफ तिला चिकट करते. कुलरच्या पात्यांमध्ये नमदा जमतो. तो ब्लोअरने उडत नाही, ब्रश लागतो. ब्रश फिरवताना पंखा बोटाने धरून ठेवा. पेस्टचा नंबर त्यानंतरचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा थेंब पुरतो.

धूळ नाही आणि पंखा ठीक आहे, तरी वाढ असेल, तर प्रोसेसर खरोखर झोपतोय का ते पाहा. पॉवरटॉप या लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये झोपेच्या पायऱ्या दिसतात; ‘सी’पुढचा आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. तिथे पॅकेजचा रकाना सी८ किंवा सी१० पर्यंत न जाता सी२-सी३ वर अडकलेला दिसला, तर एखादं विस्तार कार्ड त्याला जागं ठेवत असतं. काही साटा (डिस्क जोडायची) आणि नेटवर्क कार्डं या बाबतीत बदनाम आहेत. हे तपासायला थर्मामीटरपेक्षा प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर बरा. रिकामेपणी १० वॉट जास्त जात असतील, तर वर्षाला ८७.६ युनिट होतात.

पावसाळ्यात आत दव धरेल ही भीती अनाठायी आहे. पाणी दवबिंदूपेक्षा थंड वस्तूवर साचतं, आणि चालू सर्व्हर खोलीपेक्षा गरमच असतो.

खरी काळजी घ्यायची ती हार्ड डिस्कची. फिरत असलेल्या चार डिस्क नुसत्या बसूनही प्रत्येकी ४-५ वॉट खातात. मिळून बऱ्याचदा रिकाम्या प्रोसेसरपेक्षा जास्त. प्रोसेसरची मर्यादा शंभरच्या आसपास, डिस्कची बहुधा ६० किंवा ६५. तरीही केसचा पंखा बायोसमध्ये प्रोसेसरला बांधलेला असतो, त्यामुळे प्रोसेसर निवांत असला की पंखाही निवांत आणि कपाटातल्या डिस्क शिजत राहतात. लिनक्स कर्नल ५.६ पासून ड्राइव्हटेम्प हे मॉड्यूल डिस्कचं तापमान इतर सेन्सरच्या रांगेत आणतं. ते चालू करा, केसच्या पंख्याचा वेग डिस्कच्या तापमानाशी जोडा, आणि कपाटाची मागची फळी काढून टाका.