किती आहे आणि किती काम करतं: रक्तातल्या मार्करची दोन मापं

रक्ताच्या रिपोर्टवर एसजीपीटी (यालाच एएलटीही म्हणतात) या यकृताच्या एन्झाइमपुढे, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या रेणूपुढे, 'युनिट प्रति लिटर' छापलेलं असतं आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनापुढे 'मिलिग्रॅम प्रति लिटर'. आपण आकडा बघतो, शेजारची नॉर्मल मर्यादा बघतो, आणि एककावरून नजर तशीच पुढे जाते. मला मात्र रिपोर्टमधला सगळ्यात बोलका भाग तोच वाटतो. मिलिग्रॅम हे वजन आहे. युनिट हे वजन नाही, तो वेग आहे. दोन्ही मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारे पदार्थ; पण एका ओळीत पदार्थ मोजलाय आणि दुसऱ्या ओळीत त्याचं काम.

1 युनिट म्हणजे ठरावीक परिस्थितीत दर मिनिटाला 1 मायक्रोमोल (रेणूंच्या संख्येचं एक माप) पदार्थाचं रूपांतर करण्याची क्षमता. म्हणजे 'एसजीपीटी 40' या नोंदीत ते एन्झाइम रक्तात किती ग्रॅम होतं याचा पत्ताच नाही. एक लिटर सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) मिनिटाला 40 मायक्रोमोल पदार्थ बदलू शकेल, एवढंच ती नोंद सांगते. रेणू मोजलेले नाहीत, त्यांनी उरकलेलं काम मोजलंय.

असं आडवळणाने का मोजायचं? कारण सुरुवातीला दुसरा मार्गच नव्हता. 1954 साली न्यूयॉर्कमधल्या जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवलं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातल्या एका ट्रान्सअमिनेजची क्रियाशीलता वाढते. आज आपण त्याला एसजीओटी किंवा एएसटी म्हणतो. रक्तात ते इतकं थोडं असतं की तेव्हाच्या साधनांनी वजन करणं अशक्य होतं. पण एन्झाइमचा एक रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो, त्यामुळे त्याची खूण आपोआप मोठी होत जाते. कार्मेन यांनी याचाच उपयोग केला. एएसटीच्या कामातून जो पदार्थ तयार होतो, तो दुसऱ्या एका एन्झाइमला द्यायचा. ते एन्झाइम काम करताना एनएडीएच नावाचा रेणू खर्च करतं. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, खर्च झाल्यावर शोषत नाही. त्यामुळे प्रकाशाचं शोषण ज्या वेगाने कमी होतं, त्यावरून एएसटीचा वेग कळतो. हीच युक्ती थोड्याफार फरकाने आजच्या स्वयंचलित यंत्रांतही चालते. इतक्या साध्या कल्पनेचं आयुष्य इतकं मोठं असावं, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं.

दुसरी वाट अँटिबॉडीची, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाची. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेच्या मदतीने रक्तातलं इन्सुलिन मोजून दाखवलं आणि त्या कामासाठी यॅलो यांना 1977 चं नोबेल मिळालं. 1971 मध्ये एलायझा ही अँटिबॉडीवर चालणारी चाचणी आली. एलायझाच्या नेहमीच्या एका रचनेत एक अँटिबॉडी हवं ते प्रथिन पकडून ठेवते, दुसरी त्यावर येऊन बसते आणि तिच्या अंगावरची खूण मोजली जाते. प्रथिन शरीरात काय करतं याच्याशी या चाचणीला देणंघेणं नसतं. तिला फक्त त्याचा आकार ओळखता यायला हवा. गोंधळ इथे आणखी वाढतो, कारण एलायझाच्या नावातच एन्झाइम आहे. पण ते एन्झाइम अँटिबॉडीला चिकटवलेली खूण असते. एलायझाने सीआरपी मोजला म्हणून सीआरपी एन्झाइम होत नाही.

तशी एन्झाइमं म्हणजे प्रथिनंच. रक्ततपासणीत भेटणारं प्रत्येक एन्झाइम प्रथिन असतं, पण प्रत्येक प्रथिन एन्झाइम नसतं. ट्रोपोनिनचं उदाहरण घ्या. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या रक्तात ते तपासतात आणि अनेकदा डॉक्टरही सवयीने 'कार्डियाक एन्झाइम्स पाठवा' म्हणतात. ट्रोपोनिन एन्झाइम नाही. स्नायूच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारी ती तीन प्रथिनांची जुळणी आहे. त्यातली टी आणि आय यांची हृदयातली रूपं सांगाड्याच्या स्नायूंतल्या रूपांपेक्षा वेगळी असतात, म्हणून अँटिबॉडी त्यांना नेमकं ओळखते. तिसरं, ट्रोपोनिन सी, हृदयात आणि काही सांगाड्याच्या स्नायूंत सारखंच असतं, म्हणून चाचणीसाठी निरुपयोगी. 'कार्डियाक एन्झाइम्स' हे नाव आधीच्या काळातून आलंय. तेव्हा एएसटी, एलडीएच आणि सीके-एमबी (सीके या स्नायूंतल्या एन्झाइमचं हृदयात जास्त असणारं रूप) ही खरोखरीची एन्झाइमं मोजत असत. 2000 साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून झटक्याची व्याख्या नव्याने केली आणि ट्रोपोनिनला पहिलं स्थान दिलं. शब्द तेवढा मागे राहिला.

याच्या उलटा नमुना पीएसएचा. प्रोस्टेट ग्रंथीचं हे प्रथिन अस्सल एन्झाइम आहे. ते इतर प्रथिनांचे तुकडे करतं, वीर्य पातळ होतं ते त्यामुळे. तरी रिपोर्टवर ते नॅनोग्रॅममध्ये येतं. कारण रक्तात आल्यावर त्यातल्या बहुतेक रेणूंना दुसरं एक प्रथिन घट्ट पकडून निष्क्रिय करतं. त्याचं काम मोजायला गेलो तर हाती फारसं काही लागणार नाही, म्हणून त्याचं अस्तित्व मोजतात. थोडक्यात, पदार्थ एन्झाइम आहे का हा एक प्रश्न, आणि तो एन्झाइम म्हणून मोजलाय का हा वेगळा प्रश्न.

बहुतेक वेळा दोन्ही मापं एकाच दिशेने जातात आणि कुणाला फरक जाणवत नाही. ती फाकतात तिथे खरी मजा आहे. रेनिन घ्या. मूत्रपिंडातून येणारं हे एन्झाइम रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची पहिली कडी. ते दोन्ही पद्धतींनी मोजता येतं: रक्तद्रव उबवून तासाला किती अँजिओटेन्सिन (या साखळीतला पुढचा पदार्थ) तयार होतं ते पाहायचं, किंवा अँटिबॉडीने रेनिनचे रेणू मोजायचे. अॅलिस्किरेन हे औषध रेनिनच्या कामाच्या जागेवरच जाऊन बसतं. काम थंडावतं, अँजिओटेन्सिन घटतं, मूत्रपिंडाला वाटतं रेनिन कमी पडतंय आणि ते आणखी रेनिन सोडतं. आता त्याच रुग्णाच्या त्याच नमुन्यात रेनिनचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि क्रियाशीलता घटलेली. 'रेनिन वाढलं की कमी झालं?' या प्रश्नाला कुठल्या मापाने हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आनुवंशिक आजारांत हे आणखी ठळक होतं. अँटिथ्रोम्बिन हे प्रथिन रक्त गोठण्याला लगाम घालतं. ते स्वतः एन्झाइम नाही, एन्झाइमांना थांबवणारं आहे, पण त्याचंही काम मोजता येतं. त्याच्या कमतरतेच्या एका प्रकारात प्रथिनच कमी तयार होतं, तेव्हा दोन्ही मापं खाली येतात. दुसऱ्या प्रकारात प्रथिन भरपूर असतं पण सदोष. फक्त प्रमाण मोजलं तर हा माणूस निरोगी ठरेल, आणि त्याच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका तसाच राहील. म्हणून इथे आधी काम तपासतात, प्रमाण नंतर.

चुकाही दोन्ही वाटांच्या वेगवेगळ्या. क्रियाशीलता तापमानावर ठरते. आज 37 अंशांवर मोजतात, पूर्वी 25 किंवा 30 अंशांवरही मोजत. त्यामुळे जुन्या निबंधातला आकडा आजच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. एएसटी आणि एएलटी या दोघांनाही कामासाठी ब-6 जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप लागतं. ते चाचणीच्या द्रावणात घातलं नसेल आणि रुग्णात त्याची कमतरता असेल, तर एन्झाइम हजर असूनही आकडा कमी येतो. नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एलडीएच बाहेर सांडतं आणि यकृताचा किंवा हृदयाचा काही दोष नसताना आकडा चढतो. कधी अँटिबॉडी रक्तातल्या सीकेला चिकटते, मग ते लवकर निचरून जात नाही आणि धडधाकट माणसाचा आकडा महिनोन्महिने वर राहतो. याला मॅक्रो-सीके म्हणतात.

अँटिबॉडीच्या वाटेवर खड्डे वेगळे. काहींच्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचणीतल्या अँटिबॉडींनाच जोडतात आणि नसलेलं प्रथिन दिसू लागतं. केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही चाचण्यांचे आकडे चुकतात. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने याबद्दल इशारा दिला, तेव्हा ट्रोपोनिन चुकून कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचीही नोंद होती. शिवाय दोन कंपन्यांच्या चाचण्या प्रथिनाचे वेगवेगळे भाग पकडतात. म्हणून एका कंपनीच्या चाचणीवर आलेलं ट्रोपोनिन आय दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी थेट ताडून बघू नये.

संशोधनात हा फरक सर्वात जास्त सतावतो तो साठवणीत. मोठ्या अभ्यासांत हजारो माणसांचं सीरम गोठवून ठेवतात आणि वर्षांनी त्यात नवा मार्कर शोधतात. गोठवल्यावर प्रथिनाचा आकार बऱ्याचदा टिकतो, पण कामाची ताकद टिकेलच असं नाही. उणे 20 अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात एएलटीची क्रियाशीलता घटते. म्हणून निबंधात एखादं एन्झाइम आजाराआधी 'कमी' आढळलं असं वाचलं, की मी पहिल्यांदा पद्धतीच्या भागात जाते: किती अंशांवर ठेवलं, किती दिवस, किती वेळा वितळवलं. ते लिहिलेलंच नसेल तर निष्कर्षावर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

एलपी-पीएलए2 या एन्झाइमची कथा मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. धमन्यांच्या भिंतीतल्या चरबीच्या थरांत ते सापडतं. रक्तात ते जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं, कुठे प्रमाण मोजून, कुठे क्रियाशीलता मोजून. मग त्याचं कामच रोखणारं डॅराप्लाडिब हे औषध बनवलं गेलं. औषधाने आपलं काम चोख केलं, एन्झाइमची क्रियाशीलता खूपच खाली आली. 2014 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत 15,828 रुग्ण, दुसरीत 13,026. ठरवलेल्या मुख्य निकषावर एकीतही औषधाचा ठोस फायदा दिसला नाही. मार्कर खाली आला आणि आजार जिथल्या तिथे राहिला.

सीआरपीचंही जवळपास तसंच. जन्मजात जनुकीय फरकांमुळे ज्यांचा सीआरपी आयुष्यभर थोडा चढा असतो, त्यांना त्या प्रमाणात हृदयविकार जास्त होत नाही, असं जनुकांवर आधारित अभ्यासांतून दिसलं. सीआरपी दाह किती आहे ते दाखवतो, हृदयविकार तो स्वतः घडवतो असं दिसत नाही. याच कारणाने डॅराप्लाडिबचे निबंध वाचताना मी क्रियाशीलतेचा आलेख आधी बघत नाही. झटका, पक्षाघात आणि मृत्यू किती जणांना आले, तो तक्ता आधी उघडते.